ख्रिस्ती मंडळी-स्थापना

ख्रिस्ती मंडळी-स्थापना : ज्या वस्तीत, भाषिक गटात वा समाजस्तरात ख्रिस्ती उपासकांचा समुदाय नाही, किंवा तो जवळपास असूनही लोक त्यात येत नाहीत, अशा लोकांसाठी नवा उपासक-समुदाय उभा करण्याचे कार्य. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ‘मंडळी’ ही संज्ञा एकत्र उपासना करणाऱ्या, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार पाळणाऱ्या आणि परस्परांची जबाबदारी घेणाऱ्या लोकसमूहास उद्देशून वापरतात. इमारतीस चर्च किंवा उपासनामंदिर म्हणतात. त्यामुळे मंदिर बांधणे आणि मंडळी स्थापन करणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. मंदिर असून मंडळी क्षीण असल्याची आणि मंदिर नसता घरोघर मंडळी वाढल्याची, अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात आढळतात.

उपासनेस न येणाऱ्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात : (१) ख्रिस्ती धर्माशी ज्यांचा संबंधच आलेला नाही असे लोक, (२) जन्माने ख्रिस्ती असून उपासनेपासून दूर गेलेले लोक आणि (३) ख्रिस्तावर श्रद्धा ठेवूनही कोणत्याच मंडळीत नाव न नोंदविणारे लोक. पाश्चात्त्य देशांत मुख्यतः दुसऱ्या वर्गाचा विचार होतो. भारतात पहिल्या व तिसऱ्या वर्गांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरला. नागपूर व त्याभोवतीचा मध्य प्रांत या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. कारण मंडळी-स्थापनेच्या जवळजवळ सर्व पद्धती या प्रदेशात अजमावल्या गेल्या, त्यांच्यासंबंधीचा एक जागतिक सिद्धांत येथील अनुभवातून जन्मला आणि त्यांच्यावरील सर्वांत कठोर शासकीय टीकाही नागपूरहूनच प्रसिद्ध झाली. नवी मंडळी कोणाच्या भाषेत, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या नेतृत्वाखाली उभी राहते, यावरच तिचे भवितव्य अवलंबून असते, असे या इतिहासावरून दिसून येते.

पूर्वपीठिका : नव्या करारानुसार संत पौलाने फिलिप्पै, थेस्सलनीका, करिंथ इ. नगरांत मंडळ्या स्थापन केल्या. त्या प्रायः कोणाच्या तरी घरी भरत. पौल एका ठिकाणी फार काळ राहत नसे. स्थानिक वडीलमंडळींवर कारभार सोपवून तो पुढे जाई. करिंथकरांस लिहिताना त्याने स्वतःच्या कार्याला रोप लावण्याची उपमा दिली आहे. या कार्यास ‘लावणी’ वा ‘लागवड’ म्हणण्याचा प्रघात त्यातूनच पडला. पुढे यूरोपात प्रत्येक गाव कोणत्या ना कोणत्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) समाविष्ट झाल्यावर नव्या मंडळीचा प्रश्न बहुतांशी मिटला. कॅथलिक पंथात आजही नवा धर्मग्राम स्थापण्याचा अधिकार बिशपाकडे असतो.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांचा विस्तार झाल्यावर हा प्रश्न पुन्हा उद्भवला. इंग्लंडमधील हेन्री व्हेन (१७९६–१८७३) व अमेरिकेतील रूफस अँडरसन (१७९६–१८८०) यांनी स्वयंशासित, स्वावलंबी व स्वयंप्रसारक मंडळी हेच मिशनकार्याचे उद्दिष्ट असल्याचे प्रतिपादन केले. १८५४-५५ मध्ये अँडरसन भारतात आला असता त्याने अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याची पाहणी केली. इंग्रजी शाळांवरील भर कमी करून खेडोपाडी लहान मंडळ्या स्थापाव्यात व त्यांवर एतद्देशीय पाळक नेमावेत, असे धोरण त्याने पुरस्कारिले. रोलंड ॲलन या अँग्लिकन मिशनऱ्याने १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पौलाची पद्धत व आधुनिक मिशनांची पद्धत यांची तुलना करून दुसरीवर कठोर टीका केली. परक्या पैशाने व परक्या देखरेखीखाली वाढलेली मंडळी प्रौढ होत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

नागपूर येथील प्रारंभ : स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये १८४३ साली फूट पडून फ्री चर्च निर्माण झाले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन (१८०४–७५) यांचा पाठिंबा आणि कामठी छावणीतील विल्यम हिल या लष्करी अधिकाऱ्याची देणगी यांमुळे त्या चर्चने नागपूर हे क्षेत्र निवडले. स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) फेब्रुवारी १८४५ मध्ये तेथे आले. दोन वर्षांनी रॉबर्ट हंटर (१८२३–९७) हे त्यांचे सहकारी म्हणून दाखल झाले. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात करून शाळा सुरू केल्या. कामठीस मद्रास सेनेची पथके असल्याने तेथे तमिळ व तेलुगू भाषकांची वस्ती होती. त्यामुळे एकाच मिशनपुढे प्रथमपासून अनेक भाषांचा प्रश्न उभा राहिला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत तेथे भोसल्यांची सत्ता होती. त्या काळात सुशिक्षित तरुणाचे धर्मांतर ही केवळ धार्मिक घटना न राहता राजकीय तंट्याचे कारण होऊ शकत असे.

हिस्लॉप हे नामवंत भूवैज्ञानिकही होते. मध्य प्रांतातील आदिवासी जमातींविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. टाकळघाट परिसरातील शिलावर्तुळे पाहून परत येत असता ४ सप्टेंबर १८६३ रोजी पूर आलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ साली सुरू झाले. शिक्षणप्रसाराच्या दृष्टीने या कार्याचे महत्त्व वादातीत आहे. मंडळी-स्थापनेच्या दृष्टीने मात्र त्याचे फळ मर्यादित राहिले. शाळेत येणारे विद्यार्थी बहुतांशी उच्चवर्णीय व मध्यमवर्गीय होते. त्यांनी विद्या घेतली, मिशनऱ्यांविषयी आदर बाळगला. पण मंडळीत फार थोडे आले. जे आले त्यांना घर, जात व वारसा यांस मुकावे लागले.

कॅथलिक पंथाचे कार्य सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनऱ्यांनी केले. त्यांची नागपूर येथील शाळा १८७० मध्ये सुरू झाली. १८८७ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत व १९५३ साली महाधर्मप्रांत झाला. अँग्लिकन चर्चने १९०३ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत निर्माण केला. आयर चॅटर्टन हे त्याचे पहिले बिशप होत. प्रारंभी अँग्लिकन उपासनेचा लाभ मुख्यतः सैनिक, शासकीय अधिकारी व रेल्वे कर्मचारी यांना होत असे.

मिशन-कंपाउंडची पद्धत : धर्मांतरितास त्याच्या नातलगांनी दूर लोटल्यावर त्याची सोय लावणे मिशनला क्रमप्राप्त होई. बंगला, शाळा, दवाखाना, वसतिगृह व ख्रिस्ती कुटुंबांची घरे एकाच आवारात असलेली वसाहत अशा रीतीने निर्माण झाली. तीस मिशन-कंपाउंड म्हणत. या पद्धतीने अनाथांना आसरा, स्त्रियांना शिक्षण व रुग्णांना उपचार मिळाले. परंतु तिचे दोन दोषही स्पष्ट झाले. एक तर मंडळीचा सदस्य बहुधा मिशनचा नोकर असल्याने पाळकाचा पगार, मंदिराची दुरुस्ती व गरिबांचे साहाय्य यांचा भार त्याने स्वतः उचलण्याची सवय लागली नाही. दुसरे असे, की आवाराबाहेरच्या आप्तेष्टांशी त्याचे संबंध तुटले आणि ज्या लोकांपर्यंत जायचे त्यांच्याच दृष्टीने तो परका झाला.

याशिवाय प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसांत प्रदेश वाटून घेतले होते. त्यामुळे स्पर्धा टळली. परंतु एखाद्याचा पंथ त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या जिल्ह्यावरून ठरू लागला. नागपूर हे रेल्वेचे व गिरण्यांचे केंद्र झाल्यावर निरनिराळ्या प्रदेशांतून आलेली कुटुंबे तेथे एकत्र आली आणि ही वाटणी अपुरी पडू लागली.

टिळकांचा ‘देवाचा दरबार’ : कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या आयुष्यातील निर्णायक वळण नागपूरशी निगडित आहे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत त्यांची एका मिशनऱ्याशी गाठ पडली व त्याने त्यांना नवा करार वाचावयास दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी सु. वीस वर्षे सेवा केली. भजन व अभंग यांच्या परंपरेतील त्यांची पदे मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रकारही अहमदनगर परिसरातच रूढ झाला होता.

तथापि केवळ उपासनेची भाषा व चाल बदलून भागणार नाही, मंडळीचे स्वरूपच बदलले पाहिजे, असे टिळकांचे मत झाले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी व वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात सहभागी होऊ शकत. वर उल्लेखिलेल्या तिसऱ्या वर्गासाठी मराठी भाषकाने योजलेला हा पहिला लक्षणीय प्रयत्न होय. तो मिशनच्या पैशावर अवलंबून नव्हता. त्याची भाषा व गुरुशिष्यभावाची कल्पना मराठी संतपरंपरेशी जुळणारी होती. परंतु त्याची उभारणी सर्वस्वी टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर झाली होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्यावर दरबार फार काळ टिकला नाही. संस्थेवाचून चळवळ टिकत नाही आणि संस्था झाली की बाहेरचा माणूस पुन्हा बाहेरच राहतो, ही मंडळी-स्थापनेतील मूळ अडचण या प्रयोगात उघड झाली.

मॅक्गाव्हरन यांचा सिद्धांत : अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी जे. वॉस्कम पिकेट (१८९०–१९८१) यांनी भारतातील सामूहिक धर्मांतरांची पाहणी करून १९३३ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिचा प्रभाव डॉनल्ड मॅक्गाव्हरन (१८९७–१९९०) यांच्यावर पडला. मध्य प्रांतातील दमोह येथे जन्मलेले मॅक्गाव्हरन हे डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट या पंथाचे मिशनरी होते. शाळा व दवाखाने यांवर इतका खर्च होऊनही बहुतेक केंद्रांत मंडळ्या का वाढत नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला. बिलासपूर जिल्ह्यातील तखतपूर परिसरात सतनामी समाजात त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडलेला विचार असा : माणूस एकेकटा नव्हे, तर आप्तसंबंधांच्या जाळ्यातून नव्या श्रद्धेकडे येतो, म्हणून त्याला त्याच्या समाजातून उपटून काढू नये, ते संबंध हेच सेतू मानून समूहाच्या अंतर्भागातच मंडळी स्थापन करावी. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी १९६१ मध्ये या विषयाची अध्ययनसंस्था काढली. १९६५ पासून पॅसाडेना येथील फुलर धर्मशास्त्रीय विद्यालयात तिचे कार्य चालू झाले आणि तेथून हा विचार जगभर पसरला.

या सिद्धांतावर झालेला मुख्य आक्षेप भारतीय वाचकास सहज पटण्यासारखा आहे. प्रत्येक जातीची मंडळी निराळी झाली, तर ती लवकर वाढेल. पण जातिभेदाला तीत धर्माचे अधिष्ठान मिळेल. समतेच्या आशेने मंडळीत आलेल्यांना तेथेही जातीच्याच भिंती दिसाव्यात, हे ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत असल्याचे अनेक भारतीय धर्मचिंतकांनी दाखवून दिले. याउलट, सर्वांना एकत्र आणणारी मंडळी ही आदर्श असली तरी तिच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यास माणसाला आपल्या भाषेची व आपल्या माणसांची सोबत लागते, असे मॅक्गाव्हरन यांचे अनुयायी म्हणतात.

नियोगी समिती व कायदेविषयक प्रश्न : नागपूर ही त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्य शासनाने एप्रिल १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. समितीने १४ जिल्ह्यांत दौरे करून साक्षी नोंदविल्या व १९५६ मध्ये आपला अहवाल सादर केला. परदेशी पैशाचा ओघ आणि शाळा, रुग्णालये व कर्जे यांचा धर्मांतरासाठी होणारा वापर यांवर तिने ठपका ठेवला व कायदेशीर नियंत्रणाची शिफारस केली. ख्रिस्ती संस्थांनी हा अहवाल एकांगी असल्याचे सांगून त्याचा निषेध केला. तथापि परावलंबनावरील त्यातील टीका, हेतू निराळा असला तरी, ॲलन यांनी पूर्वीच केलेल्या टीकेशी काही अंशी मिळतीजुळती होती.

मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. नोव्हेंबर १९५६ मध्येच विदर्भ मुंबई राज्यात गेल्याने तो नागपुरास लागू झाला नाही. २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातील धर्मप्रसाराच्या हक्कात आपल्या धर्मतत्त्वांचे प्रतिपादन करण्याचा हक्क येतो, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. दुसऱ्या बाजूने, अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा त्या जातींना मिळणाऱ्या सवलतींस अपात्र ठरतो. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश होऊनही ख्रिस्ती त्याबाहेरच राहिले. श्रद्धा असूनही मंडळीच्या नोंदवहीत नाव न घालणाऱ्यांच्या वर्गामागे हेही एक कारण आहे.

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. नियोगी यांनीही त्या वेळी बौद्ध धर्म स्वीकारला. १९३५ मध्ये धर्मांतराची घोषणा झाल्यापासून अनेक मिशनरी या समाजाकडे आशेने पाहत होते. या समाजाने स्वतःच्या नेतृत्वाखाली, स्वतःच्या विचाराने व परक्या पैशावाचून आपला मार्ग निवडला. मंडळी-स्थापनेच्या अभ्यासकांनी या घटनेचा विचार केल्यावाचून मध्य भारताचा इतिहास पुरा होत नाही.

ऐक्य व विविधता : २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या प्रांगणात सहा चर्चसंघटनांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना केली. त्यांत अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरांचे संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरांचे मेथडिस्ट यांचा समावेश होता. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अखेरच्या क्षणी बाहेर राहिले. या ऐक्यासाठी १९२९ पासून वाटाघाटी चालू होत्या. भारतातील प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चसंघटनांच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही नागपुरातच आहे.

विदेशी मिशनांनी आखलेल्या सीमा पुसण्याचे कार्य या ऐक्याने केले. मात्र त्यानंतरच्या दशकांत शहरात पेंटेकोस्टल व स्वतंत्र मंडळ्यांची संख्याही वाढली. त्या भाड्याच्या सभागृहात किंवा घरी भरतात. त्यांचा पाळक अनेकदा त्याच वस्तीतील असतो. आजाऱ्यांसाठी प्रार्थना व मुक्त गायन यांना त्यांत प्राधान्य असते. मलयाळी, तमिळ, तेलुगू व हिंदी भाषकांच्या उपासनाही निरनिराळ्या चालतात. म्हणजे ज्या नगरात ऐक्याचा संस्कार झाला तेथेच नव्या मंडळ्याही उगवत राहिल्या.

स्थापनेची रीत : नव्या मंडळीचा आरंभ सामान्यतः एखाद्या कुटुंबातील प्रार्थनासभेने वा शास्त्राभ्यास-वर्गाने होतो. उपस्थिती स्थिर झाल्यावर साप्ताहिक उपासना सुरू होते. पुढे बाप्तिस्मा घेतलेल्यांची नोंदवही, वडील व सेवक यांची निवड, वर्गणीचा हिशेब आणि अखेरीस पाळकाची नेमणूक असे टप्पे येतात. जुन्या पंथांत बिशप किंवा पंथाचे मंडळ यांची मान्यता आवश्यक असते. स्वतंत्र मंडळ्या स्वतःच निर्णय घेतात. महाराष्ट्रात मालमत्ता धारण करणाऱ्या मंडळीस १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. विवाहविधी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमाप्रमाणे होतात आणि परदेशी देणगी घेण्यासाठी केंद्र शासनाकडे नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते.

इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात धर्मग्रामाच्या चौकटीबाहेर, उपाहारगृहे, शाळा व वसाहती यांतून नवे उपासक-समुदाय उभारण्यास मान्यता दिली. तेथील प्रश्न उपासना सोडून गेलेल्यांचा आहे. तरी लोकांना मंदिराकडे बोलावण्याऐवजी ते जेथे आहेत तेथे मंडळीने जावे, हे त्याचे सूत्र टिळकांच्या विचाराच्या जवळचे आहे.

मूल्यमापन : २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १०,८०,०७३ म्हणजे एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही किंचित कमी होती. त्यामुळे मंडळ्यांची संख्या वाढली म्हणजे उपासकांची संख्या वाढली, असे अनुमान काढता येत नाही. अनेक वेळा जुन्या मंडळीतील सदस्यच नव्या मंडळीत जातात. नव्या मंडळीची खरी कसोटी तीन बाबतींत लागते : पूर्वी कोठेच न जाणारे लोक तीत आले काय, ते कोणत्याही लोभावाचून वा दबावावाचून, आपल्या विवेकाने आले काय, आणि संस्थापक निघून गेल्यावर स्वतःच्या वर्गणीवर व स्वतःच्या सेवकांवर ती उभी राहू शकली काय. हिस्लॉप यांच्या शाळा, मिशन-कंपाउंडातील वसाहती, टिळकांचा दरबार व तखतपूरचा प्रयोग यांपैकी कोणताही या तिन्ही कसोट्यांस पूर्णपणे उतरला नाही. तथापि प्रत्येकाने पूर्वीच्या प्रयत्नातील एक उणीव ओळखली आणि ती दूर करण्याची वाट दाखविली. नागपूरच्या सु. पावणेदोनशे वर्षांच्या अनुभवाचे महत्त्व यातच आहे.